वीज करण्याआधी तुसाचा हिशोब: मुरबाडकडच्या एका गावाला उत्तर

मुरबाड तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाने विचारलं आहे. गाव 110 घरांचं, भाताखाली साधारण 60 हेक्टर, निम्म्या घरांत गुरं, सामूहिक वनहक्क मंजूर झालेला, गावाला लागून 400 मुलांची आश्रमशाळा. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की तुमच्याकडे तूस, पेंढा, लाकूडफाटा फुकट पडलाय. त्यावर वीज करू, नाहीतर तो दाबून त्याच्या कांड्या (ब्रिकेट) पाडून भिवंडीच्या बॉयलरना विकू. निम्मे पैसे सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक निधीचे), निम्मे गटाने घालायचे. तर घालावेत का? जोडीला दोन प्रश्न: गावातले जुने गोबर गॅस का बंद पडले, आणि पडीक माळावर मोगली एरंड (जट्रोफा) लावावा का?

पैसे घालू नका. पण हे माझ्या शब्दावर मानू नका, कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्यासोबत आकडे मांडा. बायोमासच्या, म्हणजे तूस-पेंढा-लाकूड-शेणाच्या, धंद्यात मशीन चांगलं की वाईट हा प्रश्न शेवटचा असतो. पहिला प्रश्न, माल किती आहे आणि आज तो कोणाच्या पोटात जातो.

आधी तूस. तुमच्याकडे हेक्टरी 25 क्विंटल भात धरू. 60 हेक्टरचं झालं 150 टन. भाताच्या वजनात तूस पाचवा हिस्सा, म्हणजे 30 टन. आता खरी मेख इथे आहे: तूस शेतात तयार होत नाही, गिरणीत होतं. जे भात तुम्ही आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर घालता किंवा व्यापाऱ्याला देता, त्याचं तूस त्याच्याबरोबर गावाबाहेर जातं. घरी खायला ठेवलेलं, गावच्या गिरणीत सडलेलं भात तेवढंच तुमच्या हिशोबात. अर्धं धरा. राहिलं 15 टन. त्यातलंही वीटभट्टीवाले उचलतात ते वेगळं. तुमच्या गिरणीवाल्याला विचारा, तो तूस फुकट देतो की टेम्पोवाल्याकडून पैसे घेतो.

या 15 टनांची वीज किती? तुसाच्या गॅसिफायरला (तूस अर्धवट जाळून त्याचा गॅस इंजिनाला देणाऱ्या यंत्राला) एका युनिटला दोन किलोच्या आसपास तूस लागतं. 7,500 युनिट, तेही वर्षाला. दिवसाला 20 युनिट, 110 घरांत वाटलं तर घरटी पाव युनिटसुद्धा नाही. एक पंखा दोन-अडीच तास. आणि एवढ्यासाठी गॅस धुवायचं पाणी, डांबर साचलेले फिल्टर, इंजिनाची देखभाल आणि रोज हजर राहणारा ऑपरेटर. बिहारमध्ये हस्क पॉवर सिस्टिम्स या कंपनीने 2008 च्या सुमारास तुसाच्या गॅसवर गावं उजळवली, हे खरं आहे आणि ते काम मोठं आहे. पण तिथे तारा पोचल्या नव्हत्या, लोक घासलेटावर होते आणि मोठ्या गिरण्यांच्या दारात तुसाचे ढीग पडून होते. पुढे त्यांनीही सौरऊर्जेची जोड घेतलीच. तुमच्याकडे महावितरणची तार आहे. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस मरते, मान्य. पण त्यावर उपाय छपरावरचे चार सौर पॅनेल आणि बॅटरी. गॅसिफायर नव्हे.

कांड्यांचा हिशोब तर याहून लवकर संपतो. ब्रिकेटचं छोट्यातलं छोटं मशीन ताशी चार-पाचशे किलो माल खातं. दिवसाला आठ तास चालवलंत तर चार टन. गावातलं तूस चार दिवसांत खलास. मग मशीन पोसायला आजूबाजूच्या तालुक्यांतून माल आणावा लागतो, आणि सुटं तूस म्हणजे हवाच. घनमीटरला जेमतेम 100 ते 120 किलो भरतं. टेम्पो भरलेला दिसतो, काट्यावर चढवला की कळतं आपण डिझेल जाळून वारा वाहतोय. भिवंडीच्या सायझिंगला (सुताला खळ देणाऱ्या कारखान्याला) किंवा मुरबाड एमआयडीसीतल्या बॉयलरला गिऱ्हाईक म्हणून नावं ठेवायला जागा नाही, पण त्यांना बारा महिने सारखा, कोरडा माल हवा असतो. ऑगस्टमध्ये तुम्ही कोरडा माल कुठून देणार? औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास मिसळावा असं धोरण केंद्राने 2021 मध्ये आणलं, त्याचा दाखला एजंट हमखास देतात. ती मागणी हजारो टनांची आहे. तुमच्या 15 टनांशी तिचं काही देणंघेणं नाही.

पेंढ्याबद्दल थोडक्यात. टीव्हीवर पंजाबात पेंढा जाळताना दिसतो, म्हणून तो इथेही कचरा आहे असं कंपनीवाल्यांना वाटतं. तिथे कापणी यंत्राने होते आणि पुढच्या गव्हाची घाई असते. आपल्याकडे भात विळ्याने कापतात, झोडतात, पेंढा रचून ठेवतात. तो गुरं खातात, उरला तर तबेलेवाले घेऊन जातात. ठाणे जिल्ह्यातलं गवत आणि पेंढा मुंबई-कल्याणच्या म्हशींच्या पोटात जातो, ही जुनी बाजारपेठ आहे. जाळून त्याच्याएवढा भाव मिळणार नाही.

आता मोठा आकडा बघा, जो कंपनीवाल्याने विचारलाच नाही. घरटी दिवसाला पाचेक किलो सरपण धरा. पावसाळ्यात जास्त, कारण अंघोळीचं पाणीही चुलीवर. वर्षाला घरामागे 1.8 टन, 110 घरांचं जवळजवळ 200 टन. गावात खरी ऊर्जा जळते ती ही, आणि ती बायांच्या डोक्यावरून येते. उज्ज्वलाचे सिलिंडर 2016 पासून आलेत, पण भरून आणायला पैसे आणि फेरी लागते, म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भात-भाकरी-पाणी चुलीवर अशी वाटणी बहुतेक घरांत झालेली आहे. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत लाकडातली दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते, बाकी वाऱ्यावर. यातलं एक तृतीयांश जरी वाचलं तरी 65 टनांच्या वर लाकूड वाचतं. तुमच्या गावच्या सगळ्या तुसाच्या दुपटीहून जास्त.

तेव्हा सुरुवात चुलीपासून. पण सुधारित चूल म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही. 1983 च्या सुमारास निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, लाखोंनी चुली बसल्या आणि वर्षा-दोन वर्षांत पुष्कळशा फुटल्या. धुराड्यात काजळी बसली, कोणी साफ केली नाही, धूर उलटा घरात. माझ्या मते त्याहून मोठं कारण भाकरीचं. आपल्याकडची तांदळाची भाकरी तव्यावर उलटून झाली की चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यावर उभी धरून फुगवतात. नव्या चुलीचं तोंड अरुंद केलं की निखारे बाहेर ओढता येत नाहीत, भाकरी फुगत नाही, आणि आठव्या दिवशी घरची बाई सांडशीच्या एका ठोक्यात तोंड मोठं करून घेते. मग कार्यक्षमता गेली. चूल निवडताना गावातल्या चार बायांना त्यावर भाकरी करायला सांगा, वैलावर आमटी ठेवायला सांगा. त्यांना पटली ती चूल. आत लोखंडी जाळी असावी, म्हणजे लाकडाला खालून हवा मिळते, आणि भांडं ज्वाळेपासून लांब टांगलेलं नसावं. ज्यांना पावसाळ्यात धुराड्यातून पाणी गळण्याची भीती आहे त्यांनी धुराडं कौलातून वर न काढता भिंतीतून काढून मग वर वळवावं.

चुलीपेक्षाही स्वस्त गोष्ट म्हणजे कोरडं लाकूड. ओल्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. ते एक किलो पाणी उडवायला 600 किलोकॅलरी जातात आणि वर धूर होतो तो निराळा. आगोटीला सगळेच सरपण भरतात, पण मेच्या शेवटी पडवीत कोंबलेलं अर्धं ओलं लाकूड सप्टेंबरपर्यंत बुरशी धरतं. जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करा, मनगटाएवढं फोडून ठेवा, जमिनीपासून हातभर उंच माचावर रचा, वर पत्रा आणि बाजू उघड्या. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे. धप्प वाजलं तर अजून थांबा. मंडळाकडे पैसे असतील तर पहिला खर्च वाडीत दोन-तीन सामाईक लाकूड-मांडवांवर करा. उद्घाटनाला कोणी आमदार येणार नाही, पण याच खर्चाचा उपयोग सगळ्यात लवकर दिसेल.

गोबर गॅस. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मैल्याच्या गॅसवर दिवे लावले गेले होते, म्हणजे आपल्या भागाला हे तंत्र काही नवीन नाही. हवामानही अनुकूल, नाशिकच्या थंडीत गॅस मंदावतो तसा इथे फारसा मंदावत नाही. तरी संयंत्रं बंद पडतात, कारण शेण आणि पाणी दोन्ही एप्रिल-मेमध्ये दगा देतात.

शेणाचं बघा. किलोमागे साधारण 40 लिटर गॅस. एका घनमीटरला 25 किलो शेण लागतं, आणि रोज एक घनमीटर गॅस म्हणजे महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर. वाईट सौदा नाही. पण आपली डांगी किंवा गावठी गुरं दिवसभर रानात असतात, गोठ्यात पडतं ते रात्रीचं शेण, जनावरामागे पाचेक किलो. म्हणजे एक घनमीटरला पाच गुरं, दोन घनमीटरला दहा. अनुदानाच्या नादात तीन गुरं असलेल्या घरात दोन घनमीटरचं संयंत्र बसवलं की ते पहिल्या दिवसापासून उपाशी. त्यात भात काढून झालं की गुरं मोकाट सुटतात, आणि उरलेल्या शेणाला राब (रोपवाटिकेची जमीन भाजणं) आणि गोवऱ्या वाटेकरी असतात.

पाण्याचं तर विचारूच नका. शेणाइतकंच पाणी घालायचं असतं, दोन घनमीटरला रोज 50 लिटर, म्हणजे चारेक हंडे. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं शेजारच्या शहापूर तालुक्यात, आणि तिथल्याच वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मैलभरावरून आणलेला हंडा शेणात ओता, असं त्या बाईला सांगायला माझी जीभ रेटत नाही. यावर दोन गोष्टी चालतात. बाहेर पडलेल्या स्लरीचं (गॅस निघून गेलेल्या शेणकाल्याचं) वरचं पातळ पाणी निम्म्यापर्यंत परत वापरा, आणि गोठ्याचं मूत नाली काढून थेट मिसळणीच्या टाकीत घ्या. पण त्या नालीत साबण, फिनेल जाता कामा नये. जिवाणू मरतात आणि महिना-महिना गॅस परत येत नाही. मे महिन्यात शेण कमी पडलं तर कमी घाला, पण रोज घाला. पूर्ण बंद ठेवलं की आत घट्ट थर बसतो आणि मग पहारीने फोडावा लागतो.

जागा निवडताना जूनमधली जमीन डोळ्यांसमोर आणा. खाचराच्या कडेला खड्डा घेतला तर भूजल वर येऊन घुमटाला तडे जातात, आणि वाहतं पाणी टाकीत शिरतं. मुरमाड, चढावरची जागा घ्या, टाक्यांची तोंडं जमिनीच्या वर ठेवा. दीनबंधू पद्धतीचा विटांचा घुमट 1984 पासून सगळीकडे चालतो, लोखंडी टोपीच्या जुन्या खादी मॉडेलसारखा आपल्या दमट हवेत गंजत नाही, पण गवंडी प्रशिक्षित हवा. घुमटाची आतली घोटाई कच्ची राहिली की गॅस विटांतून पळतो आणि मालक शेणाला दोष देतो.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे धडधाकट संयंत्रं बंद म्हणून सोडून दिलेली पाहिली आहेत. शेगडीची ज्योत फडफडते, विझते, पुन्हा पेटते. लोक म्हणतात गॅस संपला. गॅस असतो, पाइपात पाणी साचलेलं असतं. गॅसबरोबर वाफ येते, पाइप थंड झाला की तिचं पाणी होतं आणि पाइप जिथे झोळ खातो तिथे ते थांबतं. पाइप संयंत्राकडे उताराने न्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तो उघडा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. कॉक बंद करायचा विसरू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

म्हणजे तुमच्या 110 घरांत गोबर गॅस शोभेल अशी घरं पंधरा-वीसच असतील. हरकत नाही. पंधरा नीट चाललेली संयंत्रं शंभर बंद संयंत्रांपेक्षा बरी. बंद संयंत्र शेजारच्या दहा घरांना नाउमेद करतं. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

सगळ्यात चांगली जागा मात्र तुमच्या दारात आहे आणि तुम्ही ती प्रश्नात सहज लिहून गेलात: आश्रमशाळा. 400 मुलांचा दोन वेळचा स्वयंपाक एकाच भटारखान्यात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांच्या हातून. बायोमासला नेमकं हेच हवं असतं. खरकटं आणि भाजीची देठं शेणाच्या दुपटीहून जास्त गॅस देतात. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची निसर्गऋण पद्धत अशाच ओल्या कचऱ्यासाठी आहे. पुण्याच्या आरती संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं, त्याला 2006 चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. सगळा स्वयंपाक त्यावर होणार नाही, सकाळचा चहा-नाश्ता होईल. उरलेल्यासाठी मोठ्या पातेल्यांची झाकलेली, धुराड्याची भट्टी, आणि त्यात तुमचं 15 टन तूस. एवढ्या मुलांच्या चुलीला वर्षाला 30 टनांच्या आसपास लाकूड लागत असेल, तर तूस त्यातलं चाळीस टक्के तरी भागवेल. मुख्याध्यापक बदलले की योजना बारगळते, म्हणून बोलणी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयाशी लेखी करा.

तूस जाळायला साधी चूल चालत नाही. जुन्या चाळींतली भुशाची शेगडी आठवणारे असतील; बाटली मधे उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठोकून भरायचा. तूस तसं ठोकलं जात नाही, निसटतं. त्याला उलट्या शंकूसारखी, फटी असलेली लोखंडी जाळी लागते. तूस वरून हळूहळू घसरत येतं आणि दर पाच-दहा मिनिटांनी बाजूला टिचकी मारून राख खाली पाडावी लागते. मुरबाडचा कोणताही फॅब्रिकेटर करून देईल.

आणि ती राख फेकू नका. तुसाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग राख उरते आणि ती बहुतेक सिलिका असते. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीत पहिलं सूत्रच हे: तुसाची काळी, अर्धवट जळलेली राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात मिसळायची, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. रोपं ताठ येतात आणि राब भाजायची गरज उरत नाही. आता ध्यानात घ्या, राबासाठी दर वर्षी ऐनाच्या फांद्या छाटून, कवळ (पाल्यासकट डहाळ्या) वाळवून, शेण आणि पातेरा पसरून आपण किती जळण एका सकाळी शेतात पेटवून देतो. गिरणीचं तूस आश्रमशाळेची चूल पेटवतं, तिची राख रोपं वाढवते, आणि राबाचं शेण-लाकूड गोबर गॅसला आणि चुलीला मोकळं होतं. ऊर्जेचा प्रकल्प म्हणून कोणी विकायला येणार नाही, कारण यात विकण्यासारखं मशीनच नाही. म्हाताऱ्यांना राब सोडायला सांगितलं तर भांडण होईल. पहिल्या वर्षी दोन वाफे शेजारी-शेजारी करा, एक राबाचा, एक राखेचा, बाकी तेच बोलतील. नेरळच्या सगुणा बागेतलं राब आणि चिखलणी दोन्ही टाळणारं एसआरटी तंत्रही जाऊन बघा, कर्जत रस्त्याने फार लांब नाही.

सामूहिक वनहक्काचा भाग. वनहक्क कायद्यात गौण वनोपजात बांबू, झुडपी लाकूड, खुंट येतात. इमारती लाकूड येत नाही. ग्रामसभेने नियम करून वाळकं लाकूड आणि घाणेरी-रानमोडीसारखी माजलेली झुडपं काढायला घेतली तर जंगलाचं भलंच होईल. घाणेरी मुळासकट काढा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. तिचा कोळसा पाडून विकायचा विचार मनात आला असेल तर थांबा: भारतीय वन अधिनियमात कोळसा हा जंगलातून आलेला असो वा नसो, वनोपजच मानला जातो, आणि वाहतूक परवान्याशिवाय गाडी नाक्यावर अडकेल. खासगी मालकीतलं ऐन, खैर, मोह, जांभूळही 1964 च्या झाडतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांबू मात्र वनाबाहेर लावलेला असेल तर 2017 पासून 'झाड' या व्याख्येतून सुटलाय.

राहिला मोगली एरंड. 2003 नंतरच्या काही वर्षांत बायोडिझेलच्या नावाखाली तो देशभर लावला गेला, पडीक जमिनीत पाण्यावाचून तेल देईल असं सांगून. झाड जगतं, बिया देत नाही. बिया हव्या असतील तर पाणी-खत द्यावं लागतं, आणि तेवढं दिलं तर तिथे भेंडी का लावू नये? लावू नका. कुंपणाला आहे तेवढा असू द्या. माळावर आणि बांधावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. श्रीलंकेत त्याच्या फांद्यांवर वीज केंद्रंही चालवतात. तुम्हाला त्याचा पाला खाचरात आणि काठी चुलीत पुरे. चारसूत्रीतलं दुसरं सूत्र हा पालाच, चिखलणीच्या आधी हेक्टरी तीन टनांच्या हिशोबाने. शेळ्या कोवळ्या फुटीला तोंड लावतात, तेव्हा पहिलं वर्ष काटेरी फांद्या लावून राखण करा. अंगठ्याएवढ्या जाड, हात-दीड हात लांबीच्या काठ्या पहिल्या दोन पावसांनंतर पुरायच्या, वितभर जमिनीत. दुसऱ्या वर्षापासून कमरेएवढ्या उंचीवर छाटायला सुरुवात करा.